पोटोबा, विठोबा आणि मधला ‘मग’

रविवारची दुपार कलली की नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेकडून निर्मळमार्गे कळंबच्या किनाऱ्याकडे जाणारा रस्ता माणसांनी भरू लागतो. रिक्षांत दाटीवाटीने बसलेली कुटुंबे असतात, दुचाकीवर पुढे एक आणि मध्ये एक मूल घेतलेली जोडपी असतात, घोळक्याने पायी निघालेली तरुण पोरे असतात. त्यांपैकी कित्येकांच्या घरी पाणी मोजून वापरावे लागते. कित्येकांच्या पगाराचा मोठा हिस्सा महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच घरभाड्यात अथवा कर्जाच्या हप्त्यात जातो. आठवड्यातील सहा दिवस पहाटेची गाडी पकडून मुंबई गाठणाऱ्या या माणसांना विश्रांतीची निकड असते हे सांगावयास वैद्याची गरज नाही. मिळालेला एकुलता सुटीचा दिवस त्यांनी झोपून काढावा, रिक्षाचे भाडे वाचवावे, त्या पैशांत पोरांना दूध घ्यावे, हाच व्यवहारी सल्ला ठरेल.

परंतु हा सल्ला कोणी मानीत नाही. ओल्या वाळूवर मुले किल्ले बांधतात, वडीलधारी मंडळी सुरूच्या सावलीत वर्तमानपत्र अंथरून बसतात, घरातील वृद्धा पदर सावरीत लाटेत पाय बुडवून उभी राहते. ज्या समुद्रापाशी हे सारे येतात, त्याचे पाणी तहान भागवीत नाही आणि त्याच्या वाऱ्याने पोट भरत नाही. तरीही सूर्य मावळून अंधार पडेपर्यंत किनारा सोडण्यास कोणी तयार नसतो. शरीराच्या कोणत्याही गरजेच्या यादीत न बसणारी ही कोणती गरज आहे आणि पोटाच्या तुलनेत तिचे स्थान कोणते, हा प्रश्न वाटतो तितका तत्त्वज्ञानाचा नाही. शासनाच्या योजना, शहरांचे आराखडे, शाळांची वेळापत्रके आणि घरातील बापाचा दिनक्रम या प्रश्नाच्या उत्तरावरच ठरत असतात.

‘आधी पोटोबा, मग विठोबा’ हे मराठी मुलुखातील सर्वमान्य उत्तर होय. उपाशी माणसाला उपदेश पाजू नये, हा त्यातील शहाणपणा निर्विवाद आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात याच विचाराला शास्त्रीय रूप दिले. अन्न, पाणी व निद्रा या शारीरिक गरजा प्रथम. त्यांच्यानंतर सुरक्षितता, आपुलकी, प्रतिष्ठा आणि सर्वांत शेवटी आत्मविकास, असा क्रम त्यांनी मांडला. अध्यापनशास्त्राच्या व व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांतून हा क्रम पायऱ्यांच्या त्रिकोणाच्या रूपाने आज प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. मात्र तो त्रिकोण मॅस्लोंच्या मूळ निबंधात नाही. शिवाय हा क्रम ताठर नाही, बहुतेक माणसांच्या सर्वच गरजा एकाच वेळी काही अंशी भागलेल्या व काही अंशी अपुऱ्या असतात, अशी पुस्तीही त्यांनी त्याच निबंधात जोडली होती. पुस्ती विसरली गेली आणि त्रिकोण उरला. म्हण सांगणारा समाजही तिला बांधलेला नाही, ही गोष्ट निराळीच. ‘आधी पोटोबा’ म्हणणारे हेच लोक विठोबासाठी एकादशीला पोटोबाला उपाशी ठेवतात आणि त्यात त्यांना विसंगती वाटत नाही.

खरी अडचण म्हणीतील ‘आधी’ या शब्दाची नसून ‘मग’ या शब्दाची आहे. हा ‘मग’ केव्हा येतो? कोणाच्या वाट्याला येतो? की कायम पुढे ढकलला जातो?

भुईगावचा शिलालेख आणि वारल्यांचा चौक

कळंबच्या पंचक्रोशीतच या प्रश्नाचा एक अतिप्राचीन साक्षीदार सापडला आहे. सोपारे हे पुरातन शूर्पारक बंदर. तेथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि १९५६ मध्ये किनाऱ्यालगतच्या भुईगावात नवव्या शिलालेखाचा तुकडा हाती आला. या नवव्या लेखाचा विषय मोठा बोलका आहे. आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, अपत्यजन्माच्या वेळी, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारची मंगलकृत्ये करतात, असे त्यात म्हटले आहे. या कृत्यांचे फळ अल्प, असे सम्राटाचे मत होते. दास व सेवक यांच्याशी योग्य वर्तन आणि वडीलधाऱ्यांचा आदर हे त्याच्या मते खरे मंगल. बावीसशे वर्षांपूर्वीच्या या किनाऱ्यावरील माणसेही केवळ धान्य व मासळी यांवर जगत नव्हती, एवढे या लेखावरून दिसते. सुखदुःखाच्या प्रसंगी सोबत्यांना बोलवावे, काही गावे, काही मांडावे, ही गरज त्यांनाही होती. पण त्या लेखातील दोन गोष्टी, म्हणजे लग्नाचे मंगल आणि सेवकाशी वर्तन, या मुलुखात पुढे किती भयंकर रीतीने एकत्र आल्या, हे पाहिले म्हणजे मन सुन्न होते.

पालघर जिल्ह्याच्या उत्तर भागातील वारल्यांच्या लग्नात घराच्या भिंतीवर चौक लिहिण्याची प्रथा आहे. गेरूने अथवा शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी पालघाट देवीचा चौक काढतात, धवलेरी गाणी गाते आणि त्यानंतरच लग्न लागते. ज्या घरात पावसाळ्याचे महिने कंदमुळांवर काढावे लागत, त्या घरातही पोटात जाऊ शकणारे तांदूळ कुटून, त्यांचे पीठ पाण्यात कालवून भिंतीवर लावले जाई. व्यवहारी माणसाला ही उधळपट्टी वाटेल. पण त्या पिठाचे मोल पोटातील घासाहून कमी नव्हते, असा निर्वाळा भुकेचा सर्वाधिक अनुभव असलेल्या लोकांनीच दिलेला आहे.

या गरजेची किंमत त्यांच्याकडून वसूल करण्यात आली. लग्नाच्या खर्चासाठी सावकार-जमीनदाराकडून थोडी रक्कम घ्यावयाची आणि तिच्या फेडीसाठी नवऱ्याने आयुष्यभर त्याच्या घरी राबावयाचे, या पद्धतीला ‘लग्नगडी’ म्हणत. पत्नीही त्याच घरी राबे. मालक पोटापुरते धान्य देई. म्हणजे शरीराची गरज, अर्धीमुर्धी का होईना, भागवली जात होती! ‘आम्ही यांना खायला घालतो’ हा मालकवर्गाचा युक्तिवाद पोटाच्या पायरीवर उभे राहून पाहिला तर बिनतोडच म्हणावा लागेल. त्याचा खोटेपणा पोटाच्या हिशोबातून सिद्ध होतच नाही. तो सिद्ध करावयास मान, स्वातंत्र्य, संसारावरील स्वतःचा हक्क ही दुसरीच मापे हाती घ्यावी लागतात.

ती मापे वारल्यांनी स्वतःच हाती घेतली. १९४५ च्या मे महिन्यात तत्कालीन उंबरगाव तालुक्यातील झरी येथे किसान सभेच्या वतीने त्यांची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ आणि लग्नगडी ही पद्धत नाकारण्याचा निर्धार तेथे झाला. पुढे गवतकापणीच्या व जंगलकामाच्या मजुरीचा लढा झाला, गोळीबारही झाला. गोदावरीबाईंनी १९७० मध्ये या लढ्याची कहाणी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात सांगितली. त्या शीर्षकात भाकरीचा उल्लेख नाही, जागे होण्याचा आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. प्रथम पोट भरले आणि मग माणूस जागा झाला, असा क्रम येथे घडला नाही. माणूस प्रथम ताठ उभा राहिला, म्हणून त्याच्या मजुरीत वाढ झाली. वेठबिगारी कायद्याने नष्ट करणारा केंद्र सरकारचा अधिनियम त्यानंतर तीन दशकांनी, १९७६ मध्ये आला. तो कागदावरून उतरवण्यासाठी वसई तालुक्यातील उसगाव येथून काम करणाऱ्या विवेक व विद्युल्लता पंडित यांना कित्येक वर्षे झगडावे लागले. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय गुलामगिरीविरोधी पारितोषिक त्यांना मिळाले, यावरून तो ‘मग’ किती लांबला याची कल्पना यावी.

बोर्डीची अंगणवाडी

त्याच १९४५ च्या डिसेंबरात, झरीपासून फारशा दूर नसलेल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी दुसरी एक घटना घडली. ताराबाई मोडक यांनी तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५० नंतरच्या दशकात हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेनेच मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी जन्मली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली.

या दोघींच्या पुढ्यात जे मूल येई ते उपाशी, अंगावर चिंधी नसलेले, खरजेने बेजार झालेले असे. अशा मुलाला बडबडगीते काय करायची आहेत, असे कोणी म्हटले असते तर वरवर ते योग्यच दिसले असते. उलट, मुलाला गाणे शिकवणे हेच शिक्षण, नखे काढणे हे काही शिक्षिकेचे काम नव्हे, असे म्हणणारेही भेटले असते. ताराबाई आणि अनुताई यांनी दोन्ही मते बाजूला ठेवली. मुलाला अंघोळ घालावयाची, केस विंचरावयाचे, खाऊ द्यावयाचा आणि हे सारे करता करताच गाणे म्हणावयाचे, गोष्ट सांगावयाची, शंखशिंपले, बिया व पाने मांडून मोजावयास शिकवायचे, हा त्यांचा क्रम होता. किंबहुना त्यात क्रमच नव्हता. अंघोळ घालणारा हात आणि माया करणारा हात एकच होता. त्या हाताला शरीराची गरज कोठे संपते आणि मनाची कोठे सुरू होते हे वेगळे करावे लागले नाही.

त्याच सुमारास सातासमुद्रापलीकडे शास्त्रज्ञ याच निष्कर्षाकडे येत होते. रेने स्पिट्झ यांनी १९४५ मध्ये अनाथालयांतील अर्भकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अन्न पुरेसे, स्वच्छता चोख, वैद्यकीय देखरेख उत्तम. तरीही एकेका दाईकडे अनेक मुले असल्याने कुशीत घेण्यास कोणी नाही, अशा ठिकाणची बालके खुंटलेली, निस्तेज आढळली आणि त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण भयंकर होते. १९५८ मध्ये हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांवरील प्रयोगांची हकीकत मांडली. तारेच्या बाहुलीला दुधाची बाटली होती, मऊ कापडाच्या बाहुलीला ती नव्हती. पिल्ले दूध पिण्यापुरती तारेकडे जात आणि उरलेला वेळ कापडाला बिलगून बसत. ऊब ही दुधानंतरची चैन नव्हे, तीही जगण्याचीच अट आहे, हे त्यावरून स्पष्ट झाले.

भुकेची आठवण

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. मनाच्या गरजांची महती गाणे हा पोट भरलेल्यांचा आवडता उद्योग आहे. गरिबाच्या समाधानाचे, त्याच्या सणांचे व गाण्यांचे कौतुक करून त्याची भाकरी विसरायला लावणे सोपे असते. याच जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथे १९९२ मध्ये कुपोषणाने बालके दगावली, त्या बातमीने सारा महाराष्ट्र हादरला. त्या मातांना चौकाच्या चित्रांचे सौंदर्य ऐकवण्याचे धाडस कोण करील? भूक तीव्र झाली की ती मनही खाऊन टाकते. उपाशी मुलाचे लक्ष फळ्यावर राहत नाही, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. प्रसंग निकडीचा असेल तेव्हा प्रथम घास दिला पाहिजे, यात तिळमात्र शंका नाही.

परंतु निकडीचा क्रम निराळा आणि महत्त्वाचा क्रम निराळा. शरीराच्या गरजा थांबू शकत नाहीत, म्हणून त्या पुढे येतात. मनाच्या गरजा निमूटपणे थांबून राहतात, म्हणून त्या नसल्यासारख्या वाटतात. शिवाय शरीराची गरज मोजता येते. धान्य किलोत, पाणी लिटरमध्ये, घर चौरस फुटांत सांगता येते. आपुलकीला माप नाही, अपमानाला वजनकाटा नाही. जे मोजता येते त्याचीच तरतूद अंदाजपत्रकात होते, आणि जे मोजता येत नाही ते ‘परिस्थिती सुधारल्यावर’ या सदरात जाते.

भाकरी देण्याच्या रीतीतही मन सांभाळता येते, हे महाराष्ट्राने एकदा करून दाखवले आहे. १९७२ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे खडी फोडण्यास आणि बंधारे बांधण्यास गेली. मे १९७३ मध्ये कामांवरील हजेरी पन्नास लाखांच्या घरात पोचली होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेने या अनुभवाला कायद्याचे रूप दिले. १९७७ चा तो अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यात खैरात नव्हती. काम मागण्याचा हक्क होता. घरी नेलेली ज्वारी तीच, पण ती हात पसरून आणलेली नाही, घामाची आहे, हा फरक पोटाला कळत नसला तरी माणसाला कळतो. या योजनेसाठी १९७५ पासून शिक्षक व कारकून यांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. पगारपत्रकातील तो क्षुल्लक आकडा दुसऱ्याच्या भाकरीचा होता, तसाच त्याच्या मानाचाही होता.

याच्या उलट काय घडते, हे बोर्डीच्या अंगणवाडीच्याच पुढील प्रवासात दिसते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर नेली. पूरक आहार, लसीकरण आणि आरोग्यतपासणी यांच्या जोडीने पूर्वशालेय शिक्षणही तिच्या उद्दिष्टांत आहे. परंतु वजने, नोंदी, आहारवाटप आणि वरून येणारी सर्वेक्षणे यांच्या ओझ्याखाली बऱ्याच ठिकाणी गाण्याला आणि गोष्टीला उरलासुरला वेळ मिळतो. दोष सेविकांचा नाही. तुटपुंज्या मानधनावर त्या पुष्कळ करतात. दोष त्या विचाराचा आहे, जो खिचडीला सेवा मानतो आणि गाण्याला फुरसत.

कळंबचा किनारा काय सांगतो

वसई-विरार शहराच्या वाढीतही हाच विचार दिसतो. २००९ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. मुंबईत छप्पर न परवडणाऱ्या माणसाला येथे छप्पर मिळाले, हे या शहराचे मोठे उपकार होत. पण छप्पर हीच सारी गरज असे मानले, की क्रीडांगण, बाग, वाचनालय, वृद्धांना बसण्याचा पार हे सारे ‘मग’च्या यादीत जाते. महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्येच केला; तरी नव्या वस्त्यांतील किती मुलांना चालत जाण्याजोग्या अंतरावर एक वाचनकक्ष आहे, हे पालकांनीच सांगावे. आराखड्यातील मोकळ्या जागेची आरक्षणे ही शहरांना सर्वांत सहज सोडून देण्याजोगी गोष्ट वाटते, कारण ती सोडल्याने कोणी उपाशी मरत नाही.

त्याहूनही मोठी टंचाई वेळेची आहे. नालासोपाऱ्याहून चर्चगेटपर्यंत जाण्यायेण्यात रोजचे तीन तास सहज जातात. सकाळी मूल उठण्यापूर्वी बाप बाहेर पडतो आणि रात्री ते झोपल्यावर परततो. तो हे पोटासाठीच करतो, कुटुंबाच्याच पोटासाठी करतो. त्याच्या डोक्यात तोच हिशोब असतो: आधी घराचा हप्ता फिटू दे, आधी मुलीची दहावी होऊ दे, मग निवांत बसू. हप्ता फिटतो तेव्हा मुलगी मोठी झालेली असते. शाळेतही याहून वेगळे नसते. आधी गुण, मग चित्रकला. आधी प्रवेशपरीक्षा, मग मैत्री आणि खेळ. विद्यार्थ्याला हा ‘मग’ शिकवणाऱ्या शिक्षकाने आणि पालकाने स्वतःचा ‘मग’ कधी आला होता का, हे आठवून पाहावे.

उपाय अद्भुत नाहीत. नगरपालिकांनी क्रीडांगणाचे आरक्षण हे जलवाहिनीइतकेच आवश्यक मानावे. अंगणवाडीच्या तपासणीत वजनकाट्याबरोबर मुलांना गाणी येतात का, हेही पाहावे. कळंबसारखे किनारे हे हौशी पर्यटकांचे ठिकाण म्हणून नव्हे, तर लाखो श्रमिकांचे अंगण म्हणून राखावेत: लाटांनी खचणारी वाळू व सुरूची झाडे सांभाळावीत, बुडणाऱ्याला वाचवणारी माणसे तेथे नेमावीत, आणि खिशात दमडी नसलेल्यालाही वाळूवर बसता येईल असा मोकळा भाग ठेवावा. यांपैकी कशासाठीही गरिबाची भाकरी कमी करावी लागत नाही.

कळंबच्या वाळूवर रविवारी जमणारी माणसे अशिक्षित असोत वा पदवीधर, त्यांनी हा वाद आपल्यापुरता निकालात काढलेला आहे. घरी पिंप अर्धे रिकामे असते, हप्ता थकलेला असतो, सोमवारची गाडी चुकणार नसते. सर्व गरजा भागल्यावर समुद्र पाहावा असे त्यांनी ठरवले असते, तर त्यांच्यापैकी एकालाही तो कधी दिसला नसता. म्हणून ती ‘मग’ची वाट पाहत नाहीत, मुलांचा हात धरतात आणि आजच निघतात. नियोजनकर्त्यांनी त्यांच्यापासून एवढे शिकले, तरी पुष्कळ झाले.